बटण दाबलं की ठिपका

मी सांगतो ते सगळं खरं आहे, फक्त जागा तेवढ्या खोट्या आहेत. आमच्या धंद्याची ती रीतच आहे. त्यामुळे आमचं गाव विजयदुर्ग आणि मालवण यांच्या मध्ये कुठेतरी आहे एवढंच धरून चाला, आणि शोधत येऊ नका.

दर्यावर मासळी कुठे लागली हे खरं कुणी सांगत नाही. चुकून कुणी सांगितलंच तर ऐकणाराच ओशाळतो, पंगतीत कुणाचं धोतर सुटावं तसा. मी हरबा कुबल, पावणाई बोटीचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा म्होरक्या. बेचाळीस वर्षं मी वायरलेसवर रोज सकाळी खोटं बोलत आलो, आणि माझं खोटं ऐकायला समोर माणूसही तोलामोलाचा होता. लाडू टिकम. गजबादेवी बोटीचा तांडेल आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, सुगंधाचा, नवरा.

"हरबा, खय आसंस रे?" साडेसहाला त्याची हाक यायची.

"मिठबावच्या खाली. नुसतो झार. जाळां बरबटली." झार म्हणजे जेलीफिश.

"माकाय काय नाय. चार पेडवे गावले, मांजराक पुरती तेवढे."

आता 'काय नाय' याचा अर्थ बरं चाललंय. 'चार पेडवे' म्हणजे बर्फ कमी पडणार. आणि लाडू जर कधी म्हणाला, "आज बरा आसा," तर समजायचं की जाळं फाटलंय किंवा इंजिन रुसलंय, आणि हळूच त्याच्या बाजूला बोट वळवायची. इतकं नीट एकमेकांना ओळखणारी दोन माणसं मी नवरा-बायकोतही पाहिली नाहीत.

मग एके वर्षी सरकारने ठरवलं की जुने वायरलेस बाद. प्रत्येक बोटीवर नव्या पद्धतीचा व्हीएचएफ सेट हवा, आणि तो चालवायचं सर्टिफिकेट असल्याशिवाय बोटीचा परवाना पुढे चालू नाही. तीन दिवसांचा कोर्स. मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपामागच्या हॉलात आम्ही अकरा तांडेल बाकांवर बसलो. सगळ्यांची वयं मिळून सातशेच्या वर भरली असती. शिकवायला आली रुखसार सोलकर, रत्नागिरीकडची तीस-बत्तीस वर्षांची बाई. बाप, आजा, सगळे खलाशी. तिला फसवणं सोपं नव्हतं.

"आधी ऐका," ती म्हणाली. "चॅनेल मोकळा आहे का बघा, मग बटण दाबा. एक क्षण थांबून बोला. बोलून झालं की बोट उचला. बटण दाबून ठेवलंत तर तुम्हाला काही ऐकू येणार नाही, आणि दुसऱ्यालाही बोलता येणार नाही."

"मॅडम, माझ्या घरात असोच सेट आसा," विठू खवणेकर म्हणाला. "लग्नाक तीस वर्षां झाली, बटण अजून सुटूक नाय."

ती हसली, पण पुढचं सांगायची थांबली नाही. ज्याला हाक मारायची त्या बोटीचं नाव आधी तीनदा, मग आपलं. स्क्वेल्च नावाची एक खुंटी असते, ती खरखर गाळणारी चाळण. फार आवळली तर लांबचा बारीक आवाजही गाळून टाकते. या लहरी सरळमार्गी, डोंगर आडवा आला की संपल्या, म्हणून अँटेना जेवढी उंच तेवढी तिची पोच. आणि चॅनेल सोळा. तो सगळ्यांनी सदैव उघडा ठेवायचा. त्यावर फक्त हाक मारायची किंवा संकट सांगायचं. सोळावर गप्पा मारणाऱ्याचं सर्टिफिकेट जाईल.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. सेटची अँटेना काढून ठेवलेली. पहिला नंबर माझा.

"तुमच्या बोटीला आग लागलीय. पाच माणसं आहेत. जागा या चिठ्ठीवर लिहिलीय. मदत मागा."

मी माईक उचलला. "मेडे, मेडे, मेडे. ही पावणाई, पावणाई, पावणाई." पुढे आग सांगितली, माणसं सांगितली, आणि जागा सांगितली.

रुखसारने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "काका, तुम्ही अकरा मैल दक्षिणेला सांगितलंत."

"माका म्हायत आसा."

"मग?"

"मॅडम," मी आवाज खाली आणला, "ऐकणारे धा जण हयच बसलेत."

तिला वाटलं मी मस्करी करतोय. पण माझ्यामागे दहाच्या दहांनी तेच केलं. विठूने तर जळती बोट पार गोव्याच्या हद्दीत नेऊन ठेवली. अकरा मेडे, अकरा खोट्या जागा. तिने सगळ्यांना नापास केलं आणि डोकं धरून बसली. चौथ्या दिवशी तिला काय सुचलं कोण जाणे, तिने एकेकाला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि परत परीक्षा घेतली. सगळे पास.

माझं स्पष्ट मत असं की ठिपक्याचं यंत्र आमच्या त्या अकरा मेडेंमुळेच निघालं. शास्त्रज्ञ काहीही सांगोत.

यंत्राची गोष्ट अशी. तुम्ही बटण दाबलंत की अँटेनातून लहर सुटते आणि चहूकडे एकाच वेगाने धावते, सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्यात तीनशे मीटर. जवळच्या मनोऱ्यावर ती आधी पोचणार, लांबच्यावर किंचित मागाहून. हा किंचित इतका किंचित, की पूर्वी तो मोजायला घड्याळच नव्हतं. आता काडेपेटीएवढी अणुघड्याळं निघाली होती. सरकारने ती किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांवर आणि दर्यातल्या तरंगत्या पिंपांवर बसवली. दोन घड्याळांतला फरक काढला की नकाशावर एक वाकडी रेघ मिळते, बोट त्या रेघेवर कुठेतरी. तिसरं घड्याळ घेतलं की दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे तुम्ही. शिवाय प्रत्येक सेट सुरू होताना आपली अशी एक बारीक खोड दाखवतो. भिंतीपलीकडे कुणी खाकरलं तर आपण नाव सांगतो ना, तसं यंत्र बोटीचं नाव सांगतं. हे सगळं होईतो तुमचा पहिला शब्दही पुरा झालेला नसतो, आणि दर्यावरच्या सगळ्या सेटच्या पडद्यावर तुमचा ठिपका उमटतो, नावासकट. तासभर तिथेच राहतो.

याआधीही सरकारने आमच्या बोटींवर जागा दाखवणारे डबे बसवले होते. त्यांच्यावर आम्ही भाताचा टोप पालथा घालत असू. पण इथे माणसाचा आवाजच त्याला धरून देत होता. तोंडावर टोप घालून कसं चालायचं? विठूने करून पाहिलं. आवाज घुमला तेवढा, ठिपका होता तिथेच.

नवे सेट बसले गणपतीनंतर. पहिल्याच सकाळी लाडूची हाक आली.

"हरबा, खय आसंस रे?"

"मिठबावच्या खाली. नुसतो झार."

मग कुणीतरी फिसकन हसलं. "हरबा, मगे तुझो ठिपको डोमाच्या खाचीर कशाक नाचता?"

डोमाची खाच म्हणजे वीस वाव खोल पाण्यात, खडकाच्या फटीत, लाल तांबोशी राहते ती जागा. बत्तीस वर्षं मी ती एकट्याने राखली होती. तिथे जाताना आधी उलट दिशेला बोट काढायचो, मग लांबचा फेरा घालून यायचो. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरापर्यंत तिथे सतरा बोटी आल्या. सगळ्यात पहिली गजबादेवी. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, लाडू उभा, कमरेवर हात.

"हरबा, झार खय आसा? माका बघूचो आसा!"

तीन आठवड्यांत खाच रिकामी झाली. खडक तेवढे राहिले. मी लाडूशी बोलणं टाकलं. दुसरे सोळा आले त्याचा मला राग नव्हता, ते परकेच. पण लाडूला माहीत होतं मी तिथे जातो. कधीचंच माहीत असणार. इतकी वर्षं माहीत असून आला नाही, आणि सगळ्यांना कळलं तेव्हा पहिला आला. या गोष्टीचा राग कसा धरायचा हेच मला कळेना, म्हणून मी सरसकट धरला. भाऊबीजेला सुगंधा ओवाळायला आली तेव्हा तो बाहेर रस्त्यावर स्कूटरला टेकून उभा राहिला, आणि मी खिडकी लावून घेतली.

हळूहळू सगळ्यांचंच तसं झालं. महिन्याभरात प्रत्येकाची राखीव जागा एकदा तरी उघडी पडली, आणि मग लोकांनी तोंडंच मिटली. बोललं की ठिपका, मग बोलतो कोण? कायद्याने सेट चालू ठेवायचा म्हणून चाळीस बोटींवर चाळीस सेट चालू. सगळे कान लावून बसलेले, दुसरा कधी चुकतो म्हणून. दर्यावर एवढी शांतता मी मासेमारी बंद असलेल्या पावसातही ऐकली नव्हती. विठूच्या खलाशाचा अंगठा विंचमध्ये सापडला. अर्ध्या मैलावर औषधाची पेटी असलेली बोट होती. विठूने बटण दाबलं नाही. फडक्यात अंगठा गुंडाळून दोन तास हाकत बंदराला आणला.

रुखसार जेटीवर आली ती तावातावाने. आता ती किनाऱ्यावरच्या केंद्रात बसायची, आमच्या पट्ट्यातला चॅनेल सोळा तिच्याकडे.

"काका, यंत्र शंभर टक्के बरोबर चालतंय. पण कुणी बोललंच नाही तर मी ठिपका कशाचा काढू? उद्या एखादी बोट बुडाली तर मला कळणार कसं?"

"तुमीच शिकवलात मॅडम, आधी ऐका. आमी अजून ऐकतंव."

ती पाठ फिरवून चालायला लागली. मलाही माझा विनोद फारसा आवडला नाही.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल. दुपारी दोनला मी जेटीवर जाळं विणत बसलो होतो. खलाशी जेवायला घरी गेलेले. सुगंधा आली, पदर खोचलेला, पायात चपला नाहीत.

"दादा, हे अजून इले नाय."

"मगे माका काय सांगतंस?"

"अकराचो लिलाव चुकवलानी. चुकवतत कधी?"

हे खरं होतं. लिलावाला लाडू तापातही यायचा. तरी मी सुई थांबवली नाही. "खयतरी मासो गावलो आसतलो. मुद्दाम गप बसलोहा."

"मुद्दाम गप आसले तर घराक इल्यार मी बघतंय," सुगंधा म्हणाली. "मुद्दाम नसले तर?"

चारनंतर उत्तरेचा वारा भरणार असं सकाळीच सांगितलं होतं. मोबाईल त्या पाण्यात कुणाचाच लागत नाही. मी सुई जाळ्यात खोचली आणि उठलो. पाहतो तर सुगंधा पावणाईत चढून इंजिनाच्या झाकणावर बसलेलीसुद्धा.

"बाय, बायकामाणसां बोटीर..."

"दोरी सोड, दादा."

दोरी सोडली.

खाडीच्या तोंडाचा डोंगर मागे पडला तशी सेटवरची खरखर बदलली. दर्या उघडला. मी सोळावर बटण दाबलं. "गजबादेवी, गजबादेवी, गजबादेवी. ही पावणाई, पावणाई. ओव्हर." बोट उचललं. काही नाही. पडद्यावर एकच ठिपका, माझा. तीनदा हाक दिली, तीनदा तेच.

"माका दी," सुगंधा म्हणाली. माईक कसा धरायचा ते मी दाखवलं. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलेलं नाही. वायरलेसवर बोटीचं नाव घ्यायचं असतं म्हणून निभावलं. "गजबादेवी, गजबादेवी, गजबादेवी. अहो, मी सुगंधा. खय आसात? बोला तरी. ओव्हर."

नुसती हवा वाजत राहिली. तिचा चेहरा उतरला. माझ्या मात्र डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"तो ऐकता," मी म्हणालो. "आणि तेका वाटता की मी तुका पुढे करून तेची जागा काढतंय."

"तू तसो आसंसच."

"आसंय. म्हणान तर माका कळता."

मी केंद्राला हाक दिली. रुखसार लगेच सेटवर आली. तिने मला सहा नंबरच्या चॅनेलवर बोलावलं, तिथे सगळं ऐकून घेतलं. "सकाळपासून गजबादेवीचा एकही ठिपका नाही, काका. लाल बटणही दाबलेलं नाही. बोट बोलल्याशिवाय मला काही दिसत नाही. एवढ्या पाण्यात मी मदतीची बोट पाठवू कुठे?"

लाल बटण. ते झाकण उघडून पाच सेकंद दाबायचं, की सगळ्या दर्यावर घंटा वाजते आणि जागा जाते. लाडू टिकम ते दाबील? आपल्या राखीव जागेवर उभा असताना? अगदी गळ्याशी पाणी आलं तर दाबीलही, पण तोवर बॅटरी पाण्याखाली गेलेली असणार. आणि बॅटरी गेली की बटण लाल असो की हिरवं, सगळी सारखीच.

वारा कानाला लागायला लागला होता. मी पुन्हा सोळावर आलो. सगळे तिथेच ऐकत होते, लाडूही. सोळावर गप्पा मारल्या तर सर्टिफिकेट जाणार होतं, आणि त्यापाठोपाठ बोटीचा परवाना. मी सुगंधाकडे एकदा पाहिलं. ती चपला नसलेले पाय एकमेकांवर घासत बसली होती.

मी बटण दाबलं.

"समस्त दर्यावर्दी मंडळींक कळवण्यात येता," मी म्हणालो, "की गजबादेवीचो तांडेल लाडू टिकम, तेका बोट लागता."

बोट लागते! पोटातलं वर येतं! तांडेलाबद्दल यापरतं वाईट बोलता येत नाही. चोर म्हणा, लबाड म्हणा, तो हसेल. मी बोट उचलून ऐकलं. काही नाही. म्हणून पुढे गेलो.

"लग्नाच्या वर्षी पयल्यांदा दर्यात इलो, तो खाडी ओलांडूच्या आधीच रिकामो झालो. तेव्हापासून गालात कोकमाचा सोल ठेवता. तुमका वाटता माणूस मितभाषी. कसलो मितभाषी? तोंड उघडला तर सोल पडतला!"

"पावणाई, पावणाई, पावणाई," रुखसारचा आवाज. "चॅनेल सोळा मोकळा करा. ही ताकीद आहे. ओव्हर."

"मॅडम, पाच मिनटां."

"काका, मला हे नोंदवावं लागेल."

"नोंदवा. पण ऐका." आणि तिला पुढचं बोलायला वाव न देता मी मोरीची, म्हणजे शार्कची, गोष्ट सुरू केली. "एकदा तेच्या बोटीमागे एक मोरी लागली. एवढी मोठी, शेपटी देवगडात आणि तोंड हय. सात मैल इली. गजबादेवी अशी डुलत होती आणि लाडू असो डुलत होतो, की बघून बघून त्या मोरीकच ओकारी इली. उताणी पडली बिचारी. लाडवान ती लिलावात नेल्यान आणि सांगल्यान, मी मारलंय!"

खर्र झालं, आणि कुणीतरी खो खो हसलं. पडद्यावर ठिपका: विठूची बोट, पाच मैल उत्तरेला. हसू आवरेना म्हणून बटण दाबलं गेलं होतं, किंवा विठूला ते हसू मला ऐकवायचंच होतं. मग दुसरा ठिपका. "हरबा, माकाय संशय होतोच!" तिसरा, चौथा. महिनाभर तोंड दाबून बसलेली माणसं, एकाला खोकला आला की सगळ्यांना यावा तशी हसायला लागली. पडदा अंगावर गोवर उठावा तसा ठिपक्यांनी भरला. पण हवा तो ठिपका येईना.

मी आणखी सांगितलं. लाडू घरी झोपाळ्यावर बसत नाही ते का, एसटीत पहिलीच सीट का धरतो, सगळं. माझा घसा सुकला. खोटंही संपत आलं, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

सुगंधाने माझ्या हातातून माईक घेतला. एक क्षण थांबून, शिकवल्यासारखं, ती शांतपणे म्हणाली, "मी सुगंधा टिकम. दादा सांगता तां खरा आसा. सोलां मीच सुकवून देतंय."

तिने बोट उचललं.

"सुगंधा!" सेट फुटेल असं वाटलं. "तू सुद्धा? साफ खोटा! माका बोट लागत नाय! हय पंख्यात जाळां अडकलीहत, तळाची फळी फुटलीहा, बोटीत कमरेएवढा पाणी आसा, सकाळधरना मी तां उपसतंय! येवढो हललंय, माका एक तरी उलटी झाली काय? विचार गंप्याक! गंप्या, सांग रे!"

आणि मागून गंप्या खलाशाचा धापा टाकणारा आवाज: "नाय झाली, खरा आसा!"

पश्चिमेला नऊ मैलांवर ठिपका उमटला. गजबादेवी.

सुगंधाने तोंडावर पदर घेतला. हसत होती की रडत होती ते मी पाहिलं नाही, कारण रुखसार सेटवर होती, आणि आता तिचा आवाज वेगळा होता. "पावणाई, तुम्ही सगळ्यात जवळ आहात. रीतसर मेडे रिले द्या. शिकवलंय तसं."

दुसऱ्यासाठी मारायची ती हाक. मी दिली. मेडे रिले तीनदा, माझी बोट, त्याची बोट, तीन माणसं, पाणी आत येतंय. आणि जागा, पडद्यावर होती तशी, आकडा न आकडा. ऐकणारे दहाच्या जागी चाळीस होते. बघता बघता ठिपके पुन्हा उमटायला लागले. "येतंय." "येतंय." "पंप आसा माझ्याकडे, येतंय."

आम्ही पोचलो तेव्हा गजबादेवीची मागची बाजू पाण्याला टेकली होती. लाडूने बॅटरी उचलून केबिनच्या छपरावर बांधली होती. लाल बटणाला हात लावला नव्हता, पण ऐकायची सोय मात्र त्याने शेवटपर्यंत राखली होती. विठूने पंप टाकला, दोघा-तिघांनी दोर लावले. लाडू पावणाईत आला आणि माझ्यासमोर उभा राहून पहिलं वाक्य बोलला.

"माका बोट लागत नाय."

"आधी बसा," सुगंधा म्हणाली. "मगे सांगा."

तो बसला. तिने त्याच्या खांद्यावर माझी गोधडी टाकली. जरा वेळाने मी विचारलं, "ही जागा तुका कोणी सांगल्यान?"

"तूच."

"मी?"

"अकरा वर्षांमागे. म्हणालंस, हय नुसतो झार. म्हटलंय, हरबा झार म्हणता म्हणजे हय काय तरी आसा."

"अरे, मी तर खोटा सांगलेलंय! हय मासो आसा तां माकाच म्हायत नव्हता!"

"तां माका मागसून कळला," लाडू म्हणाला. "पण मासो होतो."

डोमाच्या खाचीबद्दल तो काही बोलला नाही. बंदर दिसायला लागलं तेव्हा मात्र, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी सतरा बोटी येतल्यो ह्या माका म्हायत होता," एवढंच म्हणाला. "परको कोण पयलो येवन तुका हसण्यापरास..." पुढचं वाक्य त्याने वाऱ्यात सोडून दिलं. मीही ते धरायला गेलो नाही.

आठ दिवसांनी रुखसार कागद घेऊन आली. "एकोणीस मिनिटं, काका. चॅनेल सोळावर. एक महिना तुम्हाला बटण दाबायला बंदी. परवाना वाचवला मी कसाबसा."

"नोंदीत काय लिवलात?"

"असंबद्ध संभाषण."

"असंबद्ध?" मला खरंच लागलं. "मॅडम, एक वाक्य दुसऱ्यापासून सुटा दाखवा."

ती हसली. मग म्हणाली, "बोलायचंच असेल तर बहात्तर नंबरवर बोला. तो गप्पांसाठीच आहे. पण बोला. पुन्हा सगळे मुके होऊ नका."

आम्ही झालो नाही. विठूने पहिली शक्कल काढली. मासा नाही अशा पाण्यात थांबून बटण दाबायचं, अर्धा तास बोलायचं, मग गुपचूप पुढे जायचं. मग सगळेच तसं करायला लागले. पडद्यावर आता इतके ठिपके असतात की कुठे नुसता माणूस आहे आणि कुठे माशासकट माणूस आहे, हे त्या अणुघड्याळांच्या बापालाही सांगता येत नाही. आणि कुणाचा ठिपका तासाभरात उमटला नाही तर दुसरा कुणीतरी विचारतो, "काय रे, मेलंस काय?"

माझा तो महिना मात्र वाईट गेला. सेट समोर, माईक आकड्याला, आणि बटण दाबायचं नाही. बंदी सुरू झाली त्याच सकाळी साडेसहाला बहात्तर नंबर खरखरला.

"पावणाई, पावणाई, पावणाई. ही गजबादेवी, गजबादेवी. हरबा, उत्तर देव नको, तुका बंदी आसा. नुसता ऐक. समस्त मंडळींक कळवण्यात येता, की हरबा कुबलाक पोहूक येणा नाय."

मी ताडकन उठलो. हात माईकपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"ल्हानपणी विहिरीत पडलो, तेका कासवान भायर काढल्यान. तेव्हापासून तो कासवाक दादा म्हणता..."

तो सांगत होता, चवीने, माझ्यापेक्षा दोन बोटं वरचढ. पडद्यावर त्याचा ठिपका दिसत होता, मिठबावच्या खाली. किनाऱ्यावर सुगंधाच्या चुलीशेजारी आता एक ऐकण्यापुरता छोटा सेट आहे, पडद्यासकट, अँटेना माडाच्या शेंड्याला. तिलाही तो ठिपका दिसला असणार, आणि तिने भाताचं आधण ठेवलं असणार. मी माईकवरचा हात काढला, स्क्वेल्चची खुंटी थोडी सैल केली, आवाज वाढवला आणि खलाशांना म्हणालो, "गप ऱ्हवा रे. कासवाचा काय झाला तां ऐकूंदे."